मुरलेलं तेल

टप.

भर दुपारी सगळं घर जेवून आडवं झालेलं. वीज गेलेली, त्यामुळं पंख्याची घरघरसुद्धा नाही. अशा वेळी पत्र्याच्या शेडमध्ये एक थेंब स्टीलच्या परातीत पडला आणि त्याचा आवाज पार माजघरापर्यंत गेला असणार, या धास्तीनं सोनालीनं डोळेच मिटून घेतले. ती गाडीखाली उताणी पडली होती. पुढची चाकं ओट्याच्या उतारावर चढवलेली, मागं दोन दोन दगड, हातात सतरा नंबरचा पाना. डोळे उघडून तिनं वरच्या काळ्या भोकाकडं पाहिलं. दुसरा थेंब आता बाहेर डोकावत होता. पण त्याला घाई नव्हती. तो लोंबला, लांबला, विचारात पडला, परत जावं की काय असंही त्याला वाटून गेलं असावं.

टप.

"निघालं बाई!" सोनाली स्वतःशीच हरखून म्हणाली.

मोबाइलवर आवाज बंद करून तिनं जे काही पाहिलं होतं, त्यात नट काढल्याबरोबर तेलाची धार लागत होती. इथं दहा मिनिटांत दोन थेंब. या वेगानं इंजिन रिकामं व्हायला आरोहीचं लग्न उजाडलं असतं. आणि सोनालीकडं होती एकच दुपार, म्हणजे चार वर्षांच्या आरोहीची झोप, फार तर दीड तास.

घाई का होती, तर मंगळवारी तिला जळकोटच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर रुजू व्हायचं होतं. लेकीला तिथंच बालवर्गात घ्यायला शाळा तयार होती. हे ऐकून सासऱ्यांनी, म्हणजे आण्णासाहेबांनी, चष्मा काढून निकाल दिला होता, "लेकरू काखेत घेऊन एसटीच्या दांड्याला लोंबकळायचं न्हाय. सोमवारी गाडीची पंधरा वर्षांची तपासणी हाय. पास झाली, तर गाडीनं जा. न्हाय झाली, तर गाडी भंगारात आन् नोकरीचा विषय बंद." तीस वर्षं भूमिअभिलेखात कारकुनी केलेला माणूस. त्यांच्या तोंडून निघालेल्या वाक्याला आपोआप जावक क्रमांक पडायचा.

नवरा पुण्यात. त्यानं, उत्कर्षनं, फोनवर सांगितलं होतं, "आण्णांच्या गाडीला हात लावू नको. दिवाळीला आलो की बघू." दिवाळीला! शनिवार चालू होता आणि गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून असा धूर यायचा की समोरच्या नीलम्मा दोरीवरचे कपडे काढून आत पळायच्या.

धुराचं मूळ आण्णासाहेबांच्या एका सिद्धांतात होतं. इंजिनातलं तेल कमी झालं तर वरून घालायचं. काढायचं म्हणून कधी नाही. "लोणच्यातलं तेल काढून फेकतो का आपण? वर घालतो. मुरलेलं तेल हाय ते." असं पंधरा वर्षं मुरत आलेलं. शिवाय गाडी जायची कुठं? घर ते खंडोबा आणि खंडोबा ते घर. फार झालं तर नळदुर्गला एखाद्या लग्नाला. गावचा, म्हणजे अणदूरचा, हा देवसुद्धा वर्षातले काही महिने नळदुर्गला मुक्कामाला जातो. पण गाडी त्याच्या पुढं कधी सरकली नव्हती, आणि वेग चाळीसच्या वर नाही. इंजिन बिचारं कधी नीट तापलंच नाही. आतली वाफ आतच, काजळी आतच. तेल घालायचं झाकण उघडून सोनालीनं बोट घातलं होतं, तेव्हा बोटाला जे आलं ते तेल नव्हतं. येसर आमटीचा तळाला बसलेला गाळ असावा, तसलं काहीतरी दाट, काळंभोर, चमकदार.

टप.

"कुठं गळायलंय गं?"

माजघरातून द्वारकाबाईंचा आवाज. सोनाली सासूबाईंना आत्या म्हणे. आत्यांना झोपेतही नळ गळलेला चालत नसे.

"कुठं न्हाय, आत्या! झोपा तुम्ही!"

पण हे उत्तर गाडीखालून आलं, आणि गाडीखालून सून बोलते म्हटल्यावर कुठल्या सासूला झोप लागेल? द्वारकाबाई उंबऱ्यात आल्या. आधी त्यांना दोन पाय दिसले, मग परात.

"अगं बया! माझी कणकीची परात!"

त्या एका हाकेनं आरोही उठली, आण्णासाहेब उठले, शेजारचे मार्तंडकाका भिंतीवरून डोकावले आणि नीलम्मांनी दार उघडलं. चोरून करायचं काम असं गल्लीच्या मालकीचं झालं.

आरोही डोळे चोळत गाडीखाली वाकून बघू लागली. परातीतला काळा गोळा तिनं नीट न्याहाळला.

"आई, गाडीला शी झाली?"

"हो गं सोन्या. पंधरा वर्षं झाली नव्हती, म्हणून तिचं पोट दुखायलंय."

"मग एरंडेल द्या की तिला," नीलम्मा रस्त्यापलीकडून म्हणाल्या. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं, आणि माहेरी म्हणे बैलापासून मोटारीपर्यंत सगळ्यांना एरंडेलच चालायचं.

मार्तंडकाका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी भिंतीवर कोपर टेकून निदान केलं, "एरंडेलानं काय व्हतंय? गाडीच्या छातीत काजळी साठलीय. हिला तिसऱ्या गिअरात घालून हायवेला पळवा. इंजिन कोकललं पाहिजे. लाल हुईल, मग जळून बाहेर पडंल समदं."

"माझी गाडी कोकलत नसते," आण्णासाहेब म्हणाले. मग त्यांची नजर परातीकडं गेली. आपण जपलेलं तेल असं उघड्यावर, शेजाऱ्यांदेखत पडलेलं त्यांना बघवेना. "सोनाली, मला विचारायचं तरी," एवढंच म्हणून ते आत गेले.

हे मात्र सोनालीला लागलं. ओरडले असते तर तिनं सात उत्तरं तयार ठेवली होती.

शेवटी हायवेवरच्या गॅरेजातून कोंडीराम मेकॅनिकला बोलवावं लागलं. तो रविवारी सकाळी आला, गाडीखाली बघून आला आणि आधी पोटभर हसला.

"वहिनी, थंड इंजिनातनं तेल काढायलाव व्हय? थिजलेलं तूप हाय ते. आधी इंजिन ऊन करायचं, मग नट काढायचा."

एवढी साधी गोष्ट! रोज तुपाचा डबा उन्हात ठेवणाऱ्या बाईला कळू नये? सोनालीनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. हात काळा होता हे विसरून मारला, त्यामुळं पुढचा तासभर ती कपाळावर पाच बोटं घेऊन वावरली आणि कुणी सांगितलं नाही.

कोंडीरामनं इंजिन तापवलं. आतला गाळ सैल करणारं पातळ तेल घातलं, पंधरा मिनिटं जागेवरच इंजिन चालू ठेवलं आणि मग नट काढला. धार लागली! जाड, काळी, वाफाळती धार, आणि मधूनच गुळाच्या खड्यांसारखे गोळे. परात भरली. मग जुनी बादली भरली. आरोही टाळ्या पिटत नाचत होती. सोनालीला वाटलं, आपणही नाचावं. पण भिंतीवर मार्तंडकाका होते. दुसरं तेल, दुसरी धार, थोडी तपकिरी. मग नवा फिल्टर आणि नवं कोरं तेल. तेल मोजायच्या काडीला लागलेलं ते मधाळ तेल तिनं आत नेऊन आण्णासाहेबांना दाखवलं.

"आण्णा, बघा तरी."

आण्णासाहेबांनी पेपर बाजूला केला, काडी उन्हात धरली. "पातळ हाय," ते म्हणाले आणि पेपर पुन्हा वर घेतला. पण पेपर उलटा होता.

आता राहिली काजळी. कोंडीरामनं इंजिनात हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड उघडलं. आत दूध उतू जाऊन करपलेल्या पातेल्यासारखा काळा थर. त्यावर तो काजळी सोडवणारा फवारा मारायचा, सोनाली स्टिअरिंगशी बसून तालावर ॲक्सिलरेटर दाबायची, इंजिन खोकायचं, आणि मागून काळे ढग. दोनदा झालं, तीनदा झालं. धूर पातळ व्हायला लागला. "वहिनी, आलं, आलं!" कोंडीराम ओरडला, आणि सोनालीच्या छातीत अशी धडधड सुरू झाली की इंजिनाचीच समजावी.

नेमक्या याच क्षणी द्वारकाबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन बाहेर आल्या.

त्यांची तरी काय चूक? वार रविवार, खंडोबाचा. गाडीचं बॉनेट उघडं. नवं तेल घातलेलं. उद्या मोठं काम. अणदूरमध्ये जन्म काढलेल्या बाईनं अशा वेळी नुसतं उभं राहायचं? दर दसऱ्याला त्या याच उघड्या बॉनेटमध्ये भंडारा वाहत आल्या होत्या. फक्त तेव्हा इंजिन बंद असायचं आणि हवेच्या नळीला झाकण असायचं.

"आत्या, थांबा..."

"येळकोट येळकोट जय मल्हार!"

अख्खी मूठ. सोनालीचा पाय ॲक्सिलरेटरवर, नळी आ वासलेली. पिवळा ढग हवेत तरंगला, क्षणभर थबकला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वळून, देवानं स्वीकारावा तसा, सुर्रकन नळीत शिरला. इंजिन शिंकलं. खरंच शिंकलं, त्याला दुसरा शब्द नाही. मग मागून धूर आला आणि गल्लीभर वरणाला फोडणी दिल्याचा वास पसरला.

"कुणाच्या घरी सैपाक चाललाय?" आतून आण्णासाहेबांनी विचारलं.

कोंडीराम पोट धरून खाली बसला होता. द्वारकाबाई मात्र निर्धास्त होत्या. "देवानं पोटात घेतलं," त्या म्हणाल्या. "आता काय बी हुत न्हाय." आरोहीनं नळीच्या तोंडाला डोळा लावून विचारलं, "आई, गाडीला भूक लागली होती?" त्यावर सोनालीनं, रडू आणि हसू एकत्र गिळत, "हो, पण हळद नुसती खात नसतात," असं उत्तर दिलं. कोंडीरामनं शक्य तेवढं पुसलं, झटकलं, फवारलं. पण इंजिनाचा आवाज घसा बसलेल्या कीर्तनकारासारखा झाला तो झालाच.

सोमवारी सकाळी सातला स्वारी धाराशिवला निघाली. स्टिअरिंगवर आण्णासाहेब. सोनालीचा परवाना तीन महिन्यांपूर्वीचा, नवा करकरीत. पण तिला आरोहीबरोबर मागं बसवलं होतं. "तपासणीचा दिवस हाय. शिकायचा न्हाय." पुढं द्वारकाबाई, मांडीवर भंडाऱ्याची पुडी. गाडी चाळीसनं चालली. नळदुर्ग गेलं, तुळजापूर आलं; उसाच्या ट्रॉल्यासुद्धा आम्हाला मागं टाकून गेल्या, असं द्वारकाबाईंनी नंतर माहेरी सांगितलं. तपासणीच्या मैदानावर पोचले तेव्हा रांगेत शेवटची गाडी यांची.

आण्णासाहेबांनी फाइल काढली. काय फाइल होती! पंधरा वर्षांची प्रत्येक पावती, टाचणी लावून, तारखेनं. तपासणी अधिकारी मान हलवत पानं उलटत गेले. शेवटी म्हणाले, "काका, असे कागद मी आजवर पाहिले नाहीत. चालक कोण?"

"मी," आण्णासाहेब ताठ होऊन म्हणाले आणि फाइलच्या शेवटच्या प्लास्टिकच्या खणातून परवाना काढून दिला.

साहेबांनी परवाना पाहिला. परत पाहिला. मग हळू आवाजात, आजूबाजूच्यांना ऐकू जाणार नाही असं, म्हणाले, "काका, चार महिन्यांखाली संपलाय."

तीस वर्षं ज्यांनी मुदत संपलेला कागद आणणाऱ्याला खिडकीवरून परत धाडलं, त्या माणसाच्या चेहऱ्याकडं सोनालीला बघवेना. आण्णासाहेब परवाना उलटा करून बघत होते, मागच्या बाजूला काही सवलत लिहिली असेल म्हणून.

"आणखी कोणाकडं परवाना आहे?"

सोनालीनं हात वर केला. शाळेत वर करतात तसाच केला. खाली कसा घ्यायचा ते तिला सुचेना.

मग चॅसी नंबर. त्याच्यावर कागद धरून पेन्सिलीनं छाप घ्यायची असते. बॉनेट उघडलं, साहेब वाकले. "नंबर कुठंय?"

नंबराच्या जागी एक पिवळी-लाल वडी होती. पंधरा दसरे. गंध, भंडारा, कुंकू आणि त्यावर तेलाची वाफ, असा थरावर थर बसून घट्ट झालेला. कोंडीरामनं सगळं इंजिन घासलं होतं. तेवढी जागा देवाची म्हणून पाया पडून सोडून दिली होती.

साहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि खरवडायला गेले.

"हात लावू नका!" द्वारकाबाई मधे आल्या. "देवाचा भंडारा हाय तो. किल्लीनं खरवडताव?"

"मावशी, नंबर दिसल्याशिवाय मला गाडी पुढं घेता येणार नाही."

रांग थांबली. एव्हाना मागं येऊन लागलेल्या गाड्यांतून कोणी तरी हॉर्न दिला. सोनालीच्या डोळ्यांसमोरून जळकोटची शाळा, पहिलीचा वर्ग, भिंतीवरची अक्षरं, सगळं एकेक करून मागं सरकायला लागलं. तिनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्या, तुम्हीच काढा. तुम्हीच लावलाय ना? साहेबांनी कशाला, तुमच्याच हातानं उतरवा. पुडीत बांधू, नदीत सोडू."

द्वारकाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग पदर खोचला, पाण्याचा तांब्या मागितला, आणि बोटांनी, लेकराचं डोकं धुवावं तितक्या हळू, ती वडी सोडवू लागल्या. दहा मिनिटं लागली. मैदानावरची अर्धी माणसं भोवती जमली. पहिला आकडा दिसला तेव्हा एक ट्रकवाला "जय मल्हार" म्हणाला. छाप आली. उतरलेल्या भंडाऱ्यातली चिमूट साहेबांच्या कपाळाला लागली, आणि ती त्यांनी दिवसभर पुसली नाही.

आता फक्त धूर. धूर मोजायच्या यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये गेली, यंत्रानं आकडा दाखवला, आणि धूर तपासणाऱ्या पोरसवद्या माणसानं नाक ओढलं.

"वहिनी, ही गाडी काय खाती?"

"हळद," सोनाली खरं बोलली.

"आकडा लई वर हाय. नापास."

तो शब्द ऐकून आण्णासाहेब पुढं आले. सकाळपासून ते एका झाडाखाली परवाना हातात घेऊन उभे होते. सोनालीला वाटलं, आता भंगाराचं निघणार. आण्णासाहेबांनी घसा साफ केला.

"पुन्हा तपासता येतं का?"

"एक वाजेपर्यंत आणलं तर."

साडेबारा झाले होते. आण्णासाहेब सोनालीकडं वळले, पण बघत होते गाडीच्या चाकाकडं. "तो मार्तंड म्हणत व्हता," ते म्हणाले, "तिसऱ्या गिअरात... कोकलली पाहिजे." आणि जाऊन चालकाच्या शेजारच्या सीटवर बसले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. तिथं बसल्यावर पाय कुठं ठेवायचे तेही त्यांना कळेना.

बायपासला लागल्यावर सोनालीनं तिसरा टाकला आणि पाय दाबला. पन्नास. इंजिन गुरगुरलं. साठ. इंजिन ओरडायला लागलं, दारं थडथडली, डॅशबोर्डवरचा गणपती आडवा झाला. "चौथा टाकू का, आण्णा?" ती ओरडली. "न्हाय!" आण्णासाहेब दोन्ही हातांनी दारावरचं हँडल धरून ओरडले, "दाब अजून!" मागं द्वारकाबाई येळकोट करत होत्या, आरोही किंचाळत होती, "अजून, आई, अजून!" आणि आरशात सोनालीला दिसलं, मागं काळ्या धुराचं लांब शेपूट, मग राखाडी, मग त्यात पिवळट छटा, फोडणीचा शेवटचा वास, आणि मग मागचा रस्ता. नुसता रस्ता, स्वच्छ, उन्हात चमकणारा, मागच्या दुचाकीवाल्याच्या शर्टाचा रंगसुद्धा दिसेल इतका. इंजिनाचा घसा मोकळा झाला. गाडी अशी हलकी झाली की सोनालीला वाटलं, पाय काढला तर उडेल.

"आण्णा, धूर न्हाय!"

"बघतोय," आण्णासाहेब म्हणाले. ते वळून मागच्या काचेतून बघत होते, आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरून हनुवटीवर आला होता.

एकला पाच कमी असताना नळी पुन्हा सायलेन्सरमध्ये गेली. पोरसवद्या माणसानं आकडा पाहिला, यंत्रावर टिचकी मारली, पुन्हा पाहिला. "आयला!" तो म्हणाला. एवढाच निकाल. मग साहेबांचा शिक्का पडला, पुढच्या पाच वर्षांचा.

परत निघताना कुणी काही ठरवलं नाही. सोनाली आपसूक उजव्या दारानं आत बसली आणि आण्णासाहेब डाव्या. तुळजापूरला त्यांनी गाडी थांबवायला लावून पेढे घेतले, पहिला पेढा सुनेच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "उद्या साडेनवाला निघ. उशीर नको." फाइलमध्ये नवा कागद टाचणी लावून बसवला. मग सीट थोडी मागं सरकवली. पाय कुठं ठेवायचे ते आता त्यांना सापडलं होतं.

नळदुर्गच्या अलीकडं मागच्या सीटवरून आरोही दोन सीटांच्या मधून पुढं आली. तोंडाला पेढा. तिनं आधी आजोबांकडं बघितलं, मग स्टिअरिंगवरच्या आईच्या हातांकडं. नखांत अजून काळं होतं. द्वारकाबाई जाग्या होत्या, पण त्यांनी एकदम डोळे मिटले. आण्णासाहेब बाहेर बघत होते, जणू तुरीच्या शेतात त्यांना काही तरी मोजायचं होतं.

"आई," आरोहीनं विचारलं, "ही गाडी आता तुझी का आजोबांची?"